इटलीच्या गोड पांढऱ्या वाइन: नवख्याने सुरुवात कुठून करावी

वाइनशी नुकती ओळख झालेल्या बहुतेकांना गोड वाइन आवडते, आणि चार जाणकारांत बसल्यावर हेच सांगताना ते कचरतात. ‘ड्राय’, म्हणजे गोडवा नसलेली वाइन, आवडू लागली की आपल्याला वाइन कळली, असा समज आपल्याकडे रुजला आहे. तो आधी डोक्यातून काढून टाका. इटलीतल्या कितीतरी गावांमध्ये मळ्यातले सगळ्यात चांगले घड गोड वाइनसाठी वेगळे काढायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. घरी पाहुणा आला, लग्नकार्य निघालं, की हीच बाटली बाहेर येते. ती करायला मेहनत जास्त लागते, वेळ जास्त लागतो आणि हाती येणारी वाइन ड्राय वाइनच्या मानाने थोडी असते. एवढं सोसून लोक ती करत आले, त्याला कारण आहे.

अडचण एकच. इटलीच्या अधिकृत नोंदीत वाइनच्या द्राक्षांचे पाचशेहून अधिक वाण आहेत. त्यात गावांची नावं, पद्धतींची नावं आणि बाटलीवरच्या पाट्या मिसळल्या की नवखा माणूस गांगरतो. म्हणून एक प्रश्न हाताशी ठेवा आणि प्रत्येक बाटलीला तोच विचारा: यातला गोडवा आला कुठून? याचं उत्तर मिळालं की चव, किंमत, किती थंड करायची, कशासोबत प्यायची, हे सगळं त्याच्या मागोमाग समजत जातं.

पहिली पायरी: साखरेचा हिशेब समजून घ्या

पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. रसात लिटरला २२० ग्रॅम साखर असेल आणि यीस्टने ती सगळी संपवली, तर साधारण तेरा टक्क्यांची ड्राय वाइन मिळते. गोड वाइन म्हणजे ज्यात काही साखर शिल्लक राहिली ती. ती शिल्लक ठेवायच्या मुख्य वाटा चार आहेत.

पहिली वाट म्हणजे यीस्टला मध्येच थांबवणं. टाकी एकदम थंड करतात आणि वाइन बारीक गाळून यीस्ट काढून टाकतात. अशी वाइन हलकी राहते, अल्कोहोल कमी आणि फळाचा वास ताजा.

दुसरी वाट द्राक्षं सुकवण्याची. घड तोडून आठवडे किंवा महिने वाळू देतात. पाणी उडून जातं आणि उरलेल्या घट्ट रसात साखर इतकी होते की यीस्ट चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास येता येता दमून आपोआप थांबतं. अशा वाइनला इटलीत ‘पासितो’ म्हणतात. हा शब्द पाठच करा, कारण इटलीच्या थोर गोड वाइन बहुतेक याच वाटेने येतात.

तिसरी वाट बुरशीची. शरद ऋतूत सकाळी धुकं आणि दुपारी ऊन मिळालं, तर बोट्रायटिस नावाची बुरशी पिकलेल्या मण्याच्या सालीला सूक्ष्म भोकं पाडते आणि मणी वेलावरच आकसतो. उंब्रियातल्या ओर्व्हिएतो गावाजवळ कोर्बारा तलावाच्या धुक्यामुळे असं घडतं. तिथल्या बाटलीवर ‘मुफ्फा नोबिले’ असं लिहिलेलं सापडेल. इटलीत ही वाट तुलनेने कमी वापरली जाते.

चौथी वाट म्हणजे वाइनमध्ये द्राक्षाचं स्पिरिट घालून यीस्टचं काम थांबवणं. सिसिलीची मार्साला ही या घराण्यातली. जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १७७३ साली ती जहाजातून मायदेशी पाठवली आणि तिचं नाव झालं.

याखेरीज स्वस्त बाटल्यांमध्ये तयार वाइनला वरून द्राक्षाच्या रसाचा गोडवा दिलेला असतो. नियमात बसत असेल तर त्यात फसवणूक नाही, पण त्या वाइनमधून शिकण्यासारखं फार काही हाती लागत नाही.

साखरेइतकंच लक्ष आंबटपणाकडे द्या. माझ्या मते चांगली गोड वाइन ओळखायची ही एकमेव भरवशाची खूण आहे. घोट गिळा आणि मनात दहापर्यंत मोजा. गालांच्या आतून पाणी सुटलं, तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटलं, पुढचा घोट घ्यावासा वाटला, तर वाइनमध्ये आंबटपणा पुरेसा आहे. जीभ चिकट राहिली आणि पाण्याचा पेला शोधावासा वाटला, तर नाही. लिटरला १८० ग्रॅम साखर असलेली वाइनसुद्धा या परीक्षेत सहज उतरते आणि ४० ग्रॅमवाली कित्येकदा नापास होते.

दुसरी पायरी: बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा आधी वाचा

नवखे लोक आधी नाव वाचतात. तुम्ही मागच्या बाजूचा बारीक आकडा शोधा. पाच-साडेपाच टक्के असेल तर यीस्टला अर्ध्यावर थांबवलेलं आहे. तेरा ते पंधरा टक्के आणि सोबत ‘पासितो’ किंवा ‘रेचोतो’ (व्हेनेतोकडचं अशाच वाइनचं नाव) असेल तर द्राक्षं सुकवलेली आहेत. आकडा त्याच्याही वर, सोळा-सतरा-अठराकडे गेला आणि ‘लिक्वोरोझो’ असा शब्द दिसला, तर स्पिरिट घातलेलं आहे. एवढ्यावर निम्मं काम होतं.

मग गोडव्याचे शब्द. ‘सेक्को’ म्हणजे ड्राय, ‘आब्बोक्कातो’ म्हणजे किंचित गोडसर, ‘आमाबिले’ म्हणजे मध्यम गोड आणि ‘दोल्चे’ म्हणजे सरळ गोड. बुडबुड्यांच्या वाइनमध्ये मात्र एक सापळा आहे. प्रोसेक्कोच्या बाटलीवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेलं असतं आणि माणसाला वाटतं की ही सगळ्यात कोरडी असणार. युरोपीय नियमानुसार ‘ब्रूत’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूतहून गोड, आणि नुसतं ‘ड्राय’ लिहिलेली तिच्याहून गोड.

शेवटी ‘डीओसी’ आणि ‘डीओसीजी’ ही अक्षरं. वाइन कुठल्या टापूतली, कुठल्या वाणाची आणि कुठल्या रीतीने केलेली, याचे नियम १९६३ च्या कायद्यातून आले. त्यातली वरची पायरी म्हणजे डीओसीजी. ही अक्षरं चवीची खात्री देत नाहीत, पण वाण आणि पद्धत सांगितल्याप्रमाणे आहे याची देतात. नवख्याला सध्या तेवढं पुरे.

तिसरी पायरी: मोस्कातो द’आस्तीने श्रीगणेशा करा

पहिली बाटली कुठली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात आस्ती, कानेल्ली आणि आजूबाजूच्या टेकड्यांवर मोस्कातो बियांको नावाचं द्राक्ष होतं. लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातो या द्राक्षमळ्यांच्या टापूला युनेस्कोने २०१४ साली जागतिक वारशात घेतलं. इथली मोस्कातो द’आस्ती ही साडेचार ते साडेसहा टक्के अल्कोहोलची, हलके बुडबुडे असलेली वाइन आहे. १९९३ पासून ती डीओसीजी आहे.

ती करायची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. द्राक्षं पिळली की रस लगेच आंबवत नाहीत. तो गोठणबिंदूच्या जवळ थंड करून टाक्यांमध्ये ठेवतात आणि मागणी येईल तसतसा वर्षभर थोडा थोडा आंबवतात. बंद टाकीत यीस्ट काम सुरू करतं, त्यातून निघणारा वायू रसातच मुरतो, आणि अल्कोहोल पाचच्या आसपास पोचलं की टाकी पुन्हा थंड. लिटरला शंभराच्या वर, बऱ्याचदा १२०-१३० ग्रॅम साखर शिल्लक राहते. वरचा हिशेब इथे लावून बघा: १२५ ग्रॅम साखर वाचवली म्हणजे सात टक्क्यांहून जास्त अल्कोहोल होऊ दिलं नाही.

हे कशासाठी, तर वासासाठी. बहुतेक वाइनला द्राक्षाचा वास येत नाही, आंबवण्यात तो पालटतो. मोस्कातो हा फार थोड्या वाणांपैकी एक, ज्याची वाइन हुंगली की द्राक्षच समोर आल्यासारखं वाटतं. त्यातल्या सुवासिक द्रव्यांपैकी लिनालूल धन्यांतही असतं आणि जेरॅनिऑल गुलाबात. ग्लास नाकाशी नेला की आधी मोसंबीच्या मोहराचा आणि पिकल्या पीचचा वास येतो, मग किंचित हिरवट, पानासारखा. बुडबुडे शॅम्पेनसारखे उसळत नाहीत. ग्लासच्या कडेला एक बारीक साखळी धरतात आणि थोड्या वेळाने विरतात. ओतल्यावर घाई करून पहिला घोट घ्या, कारण हा ताजेपणा ग्लासात फार टिकत नाही.

शेजारीच नुसती ‘आस्ती’ किंवा ‘आस्ती स्पुमांते’ दिसेल. द्राक्ष तेच, पण बुडबुडे जोरदार, अल्कोहोल थोडं जास्त आणि बूच तारेने बांधलेलं. इटलीतला हा स्पुमांतेचा, म्हणजे जोरदार बुडबुड्यांच्या वाइनचा, धंदा कार्लो गांचाने १८६५ मध्ये कानेल्लीत सुरू केला. समारंभाला ती छान शोभते. शिकण्यासाठी मात्र मी मोस्कातो द’आस्तीच घ्यायला सांगेन, कारण त्यात वाणाचा वास मोकळा मिळतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही वाइन साठवायची नाही. बाटलीवर शक्य तितकं अलीकडचं साल बघून घ्या आणि वर्षाच्या आत संपवा. दुकानातल्या उन्हाच्या काचेमागे तीन वर्षं उभी असलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

चौथी पायरी: सुकवलेल्या द्राक्षांकडे वळा

मोस्कातोच्या दोन-तीन बाटल्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या घेऊन झाल्या की पासितोकडे जा. आधी ईशान्य इटलीतल्या व्हेनेतोमधली रेचोतो दि सोआवे घ्या.

सांगली-तासगावकडच्या वाचकाला ही वाइन समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. बेदाण्याच्या शेडवर घड जाळीवर पसरलेले त्याने पाहिलेले असतात. फरक वेगाचा आहे. आपल्याकडे द्रावणात बुडवून काढलेले मणी फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतात. व्हेरोनाजवळच्या सोआवेत घड कशातही न बुडवता, हवेशीर माळ्यावर फळ्यांवर किंवा पेट्यांत पसरतात, काही जण दोऱ्यांना टांगतात, आणि ते अख्खा हिवाळा तसेच राहतात. हवा थंड, सुकणं संथ. या महिन्यांत कुजका मणी दिसला की हाताने खुडून टाकावा लागतो, नाहीतर शेजारचा घडही जातो. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वजन निम्म्याच्या आसपास उतरतं आणि मग ते पिळतात.

ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजांचा मंत्री कासिओदोरस याने व्हेरोनाकडच्या अशाच सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइनचं वर्णन पत्रात करून ती राजाच्या टेबलासाठी मागवली होती. रेचोतो दि सोआवेला डीओसीजी मिळाली १९९८ साली, आणि तो मान मिळवणारी ती व्हेनेतोमधली पहिली वाइन.

तिचं द्राक्ष म्हणजे गार्गानेगा. उशिरा पिकणारं, जाड सालीचं, सैल घडाचं. सुकवण्यासाठी हे तिन्ही गुण लागतात: सैल घडात हवा खेळते आणि जाड साल फाटत नाही. सिसिलीत ग्रेकानिको म्हणून लावलेला वाण हाच आहे, हे डीएनए तपासणीतून कळलं. चवीला जर्दाळू, मध, थोडा केशरासारखा सुगंध, आणि घोट गिळल्यावर शेवटी बदामाचा पुसटसा कडवटपणा. त्या कडवटपणाकडे मुद्दाम लक्ष द्या. त्याच्यामुळेच एवढी साखर जड होत नाही.

रेचोतो आवडली तर याच वाटेवर आणखी दोन वाण आहेत. ब्रेगांत्से गावात वेस्पाइओला द्राक्षाचे घड दोरीला पीळ देऊन अटाळ्यावर लटकवतात आणि त्याची ‘तोर्कोलातो’ होते. हा आंबटपणाला फार तल्लख वाण आहे, त्यामुळे ज्यांना रेचोतो मऊ वाटते त्यांनी ही घ्यावी. दुसरा एमिलिया-रोमान्याचा आल्बाना. १९८७ मध्ये इटलीतली पहिली पांढरी डीओसीजी याच द्राक्षाच्या वाइनला मिळाली. तो निर्णय त्या वेळी अनेकांना पटला नव्हता, आणि साध्या ड्राय आल्बानाबद्दल त्यांचं म्हणणं अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण आल्बाना पासितो चाखली की या वाणाची खरी ताकद कळते. सालीतून आलेला किंचित तुरटपणा पांढऱ्या वाइनमध्ये क्वचित मिळतो, तो इथे आहे.

पाचवी पायरी: बेटांवर उतरा

सिसिली आणि आफ्रिका यांच्या मध्ये पांतेल्लेरिया नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. ते सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. वारा इतका की उभा मांडव टिकत नाही. म्हणून वेल जमिनीत खोलगट खड्डा करून, बुटक्या झुडपासारखा वाढवतात. पानं जवळजवळ जमिनीलगत पसरतात आणि त्यांच्या आडोशाला घड धरतात. हे करताना माणूस दिवसभर वाकलेला असतो, यंत्र तिथे चालत नाही. ही लागवडीची रीत युनेस्कोने २०१४ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. शेतीच्या पद्धतीला असा मान तोपर्यंत मिळालेला नव्हता.

वाण आहे झिबिब्बो, म्हणजेच मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया. तो मोस्कातो बियांकोचाच वंशज, मणी मात्र मोठे आणि अंग उन्हाला सोसणारं. ऑगस्टमध्ये पहिले घड तोडून थेट उन्हात वाळवतात. हिवाळाभर चालणारं सोआवेचं काम इथे तीन-चार आठवड्यांत उरकतं. मग सप्टेंबरमध्ये उशिरा तोडलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबायला लागला की त्यात हे वाळलेले मणी देठावरून हाताने सुटे करून थोडे थोडे घालत राहतात. मणी रस पितात, आपली साखर सोडतात, आणि वाइन एकाच वेळी ताज्या आणि सुक्या द्राक्षाची होते.

दोन्नाफुगाता कंपनीची ‘बेन रिए’ आणि मार्को दे बार्तोली यांची ‘बुक्कुराम’ ही इथली नावाजलेली नावं. रंग जुन्या मधासारखा. वासात सुकं जर्दाळू, खजूर, संत्र्याची साल. मागे समुद्राची किंचित खारट झाक. मोस्कातो द’आस्ती प्यायल्यानंतर काही दिवसांत ही प्या, म्हणजे एकाच कुळातली दोन द्राक्षं पद्धत बदलली की कुठल्या कुठे जातात हे जिभेला कळेल. या लेखातल्या एकाच बाटलीवर जास्त पैसे खर्च करायचे असतील तर मी तुम्हाला पांतेल्लेरियाची पासितो घ्यायला सांगेन.

इथून ईशान्येला एओलियन बेटं. त्यांतल्या सालिनावर माल्वासिया देल्ले लिपारी होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले, माणसं परदेशी गेली आणि वाइन जवळपास संपली. ब्रेशाचे चित्रकार कार्लो हाउनर १९६० च्या दशकात सालिनावर आले आणि त्यांनी सोडून दिलेले मळे गोळा करून ही वाइन पुन्हा उभी केली. झिबिब्बोपेक्षा ती नाजूक आहे, सुगंधाचा भडिमार नाही, आणि मला तीच अधिक वेळा प्यावीशी वाटते.

माल्वासियाबद्दल एक सूचना. हे नाव इटलीत अनेक वाणांना आहे आणि त्यांतले कित्येक एकमेकांचे कोणी लागत नाहीत. लिपारीची माल्वासिया आणि सार्डिनियातल्या बोझाची माल्वासिया एकच. कालाब्रियात ‘ग्रेको दि बियांको’ या वेगळ्याच नावाने मिळणारी गोड वाइनही त्याच वाणाची. उलट फ्रिउलीकडची ‘माल्वासिया इस्त्रियाना’ वेगळी आणि बहुधा ड्राय. म्हणून नुसतं ‘माल्वासिया’ वाचून बाटली उचलू नका, पुढचा शब्दही वाचा. त्रेब्बियानो या द्राक्षाच्या नावाचंही तसंच आहे.

सहावी पायरी: विन सांतो, पण घाई न करता

टस्कनीच्या विन सांतोकडे बरेच पर्यटक सगळ्यात आधी जातात, कारण जेवणाच्या शेवटी ती कान्तुच्ची नावाच्या बदामाच्या कडक बिस्किटांसोबत मिळते. मी ती मुद्दाम उशिरा ठेवली आहे. ही हवा लागून मुरलेली वाइन आहे आणि नवख्याला पहिल्या घोटात ती ‘शिळी’ वाटू शकते.

त्रेब्बियानो तोस्कानो आणि माल्वासिया बियांका लुंगा या द्राक्षांचे घड हिवाळ्यापर्यंत वाळवतात, पिळतात, आणि तो दाट रस ‘कारातेल्लो’ नावाच्या छोट्या पिंपात भरतात. पिंप पूर्ण भरत नाहीत. तळाला आधीच्या खेपेचा गाळ राखलेला असतो, त्याला ‘माद्रे’ म्हणतात. काही घरांमध्ये तो फार जपतात. तोंड बंद केलं की पिंप थेट घराच्या माळ्यावर. तळघराची एकसारखी थंडी इथे नको असते. उन्हाळ्यात कौलं तापतात तशी आंबण्याची क्रिया जोर धरते, हिवाळ्यात थांबते, पुढच्या उन्हाळ्यात परत सुरू होते. अशी तीन वर्षं किंवा त्याहून पुष्कळ जास्त. मधल्या काळात कोणी उघडून बघत नाही. त्यामुळे पिंप फोडेपर्यंत आत नेमकं काय झालं ते करणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि एकाच माळ्यावरची दोन पिंपं वेगळी निघतात. अक्रोड, अंजीर, कॅरॅमल, जुन्या लाकडाचा वास. काही विन सांतो अगदी गोड, काही जवळपास ड्राय. विकत घेताना विचारून घ्या.

‘विन सांतो लिक्वोरोझो’ लिहिलेली स्वस्त बाटली टाळा. तिच्यात स्पिरिट घातलेलं असतं आणि त्या माळ्याशी तिचा संबंध नसतो. बिस्किट बुडवण्याबद्दल माझं मत असं: साध्या विन सांतोत खुशाल बुडवा, पण दहा वर्षं मुरलेल्या ग्लासात बिस्किटाचा चुरा सोडू नका. आधी वाइन नुसती प्या, बिस्किट वेगळं चावा. सांजोवेझे हे नाव फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या अकलूजमधल्या मळ्यांमुळे ज्यांच्या ओळखीचं आहे, त्यांनी त्याच लाल द्राक्षाची ‘ओक्किओ दि पेर्निचे’ नावाची विन सांतो मिळाली तर जरूर चाखावी.

यानंतर काय शोधावं

ईशान्येकडच्या फ्रिउलीतली पिकोलित. या वेलाची फुलं स्वतःच्या परागाने नीट फळत नाहीत, त्यामुळे एका घडात जेमतेम पंधरा-वीस मणी धरतात. अठराव्या शतकात काउंट फाबिओ आस्क्विनी ती युरोपातल्या राजदरबारांना विकत असे. आता २००६ पासून तिला डीओसीजी आहे. महाग असणारच. खिशाला झेपली नाही तर शेजारचं रामांदोलो घ्या: वेर्दुत्सो द्राक्ष, निमिस गावाजवळचे उभे चढ, तुरटपणा आणि मध एकत्र. पैशांच्या मानाने ती मला पिकोलितपेक्षा सरस सौदा वाटते.

लिग्युरियाच्या चिंक्वे तेर्रेमधली शाक्केत्रा आणि त्रेंतिनोतली नोझिओला द्राक्षाची विनो सांतो या तिथे गेलात तरच भेटायच्या वाइन आहेत.

ग्लासात ओतताना

मोस्कातो द’आस्ती सहा ते आठ अंशांवर, पासितो दहा-बारावर, विन सांतो त्याहून जरा कमी गार. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रिजमधून काढलेली बाटली टेबलावर लगेच गरम होते, म्हणून मोस्कातो बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवा. पासितो मात्र फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं थांबा. फार गार असेल तर वास मिटून राहतो आणि नुसता गोडवा जाणवतो.

पासितोचा एक पेला म्हणजे ५०-६० मिलिलीटर, जास्त नको. मोस्कातो सरबतासारखी घशाखाली उतरते आणि तिथे भान सुटतं. दीडशे मिलिलीटरच्या ग्लासात साधारण वीस ग्रॅम साखर म्हणजे जवळपास पाच चमचे जातात. मधुमेह असलेल्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

खाण्याचा नियम एवढाच: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. गुलाबजाम, बासुंदी, पुरणपोळी यांच्यापुढे यांतली बहुतेक कुठलीही वाइन आंबट आणि पातळ लागेल, तेव्हा तो प्रयोग करू नका. नानकटाई, फार गोड नसलेली शंकरपाळी, भाजलेले बदाम, सुकं अंजीर यांच्याशी पासितो आणि विन सांतो मजेत जुळतात. पिएमोन्तेत मोस्कातोसोबत हेझलनटचा केक खातात, व्हेरोनात रेचोतोसोबत नाताळचा पांदोरो. पासितोसोबत गोर्गोन्झोला चीज एकदा तरी खाऊन बघा. खारट आणि गोड यांची अशी सांगड दुसरीकडे मिळत नाही. आणि तिखट कोळंबी फ्रायसोबत मोस्कातो द’आस्ती उत्तम, कारण जास्त अल्कोहोलची वाइन मिरचीची आग वाढवते आणि हिच्यात ते जेमतेम पाच टक्के आहे.

उघडलेली मोस्कातो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. पासितो बूच लावून फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस सहज राहते. विन सांतोला हवेची सवयच असते, ती काही आठवडे टिकते.

विकत घेताना

आयात शुल्कामुळे या बाटल्या भारतात महाग पडतात आणि दुकानात मोस्कातो सोडली तर फारसं काही दिसत नाही. जीभ तयार करायला नाशिकच्या सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां चालेल. इटलीची नसली तरी शिल्लक साखर आणि आंबटपणा यांचा तोल ओळखायचा सराव तिच्यावर होतो.

युरोपात राहणाऱ्यांना किंवा तिकडून येणारं कोणी ओळखीचं असणाऱ्यांना सोपा मार्ग आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. गोड वाइन बऱ्याचदा ३७५ किंवा ५०० मिलिलीटरच्या लहान बाटल्यांत येतात, म्हणजे दोन लिटरमध्ये चार-पाच वेगळ्या वाइन बसतात. मोस्कातो त्यात घालू नका, ती इथेही मिळते. एक रेचोतो दि सोआवे, एक पांतेल्लेरियाची पासितो, एक सालिनाची माल्वासिया आणि एक विन सांतो आणा. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा, बिलं जवळ असू द्या, आणि घरी आल्यावर उघडण्याआधी आठवडाभर अंधाऱ्या, गार जागी आडव्या विसावू द्या.